एवढंसं औषध

शिवणबाईंनी चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवले, पण एवढ्या वर्षांत कुत्र्याच्या अंगाला एकदाही बोट लावलं नव्हतं. आज मात्र टॉवेलात गुंडाळलेलं तीन महिन्यांचं पिल्लू मांडीवर घेऊन त्या जनावरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. मुलगा परगावी, सून ड्यूटीवर, नात शाळेत. लस तर आजच द्यायची. जाताना नातीने बजावलं होतं, "आजी, ढब्बूला घट्ट धर, पण दाबू नकोस हं!"

आत पाय ठेवायला जागा नव्हती. एका रिक्षावाल्याने मांजर उशीच्या अभ्र्यात घालून आणलं होतं. अभ्र्यातून नुसती गुरगुर ऐकू येत होती. शेजारी एक धिप्पाड पहिलवान आपल्या चिमुकल्या कुत्रीला, "घाबरायचं नाही, बाळा," असं सांगत स्वतःच घामाघूम झाला होता.

"ढब्बूचे कोण आहेत?" आतून हाक आली.

"मीच," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच उत्तराने चपापल्या.

डॉक्टरीण नातीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. तिने फ्रिजमधून अंगठ्याएवढी बाटली काढली. तळाशी कसंबसं चमचाभर औषध.

"हे कशावरचं?"

"रेबीजवरचं. पिसाळण्यावरचं."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"काय झालं, आजी?"

"माझा धाकटा भाऊ..." एवढं बोलून त्या थांबल्या. साठ वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही. "आमचाच कुत्रा होता. घरचा, लाडका. खेळता खेळता भावाच्या बोटाला त्याचा दात लागला. खरचटलं नुसतं. आईने हळद लावली. महिन्याभराने पोराला पाणी गिळेना. तहानेने जीव जातोय आणि पेला दिसला की किंचाळतोय. आठ वर्षांचा होता. वडिलांनी त्याचे हात धरले होते आणि मी दाराआड उभी होते."

डॉक्टरिणीने बाटली बाईंच्या तळहातावर ठेवली. गार लागली.

"एवढंसंच?"

"एवढंसंच. कुत्र्याला वेळेवर हे मिळालं की त्याच्यापासून घरात धोका नाही. दर वर्षी एकदा."

"आणि हे आत जाऊन करतं काय?"

"शत्रूची ओळख करून देतं. मग खरा शत्रू आला की शरीर त्याला उंबऱ्यावरच अडवतं."

बाईंनी बाटली उजेडाकडे धरली. पाण्यासारखं दिसत होतं, त्यात काहीही दिसत नव्हतं. कुणीतरी कुठेतरी आयुष्य घालवून हे शोधलं असेल. ज्याला आपण कधी पाहणार नाही, त्याने आपल्या नातीसाठी, या रिक्षावाल्यासाठी, अभ्र्यातल्या त्या तापट मांजरासाठी शोधलं असेल. त्यांच्या अंगावर काटा आला.

डॉक्टरिणीने सिरिंज भरली. पिल्लाच्या मानेवरची सैल कातडी चिमटीत उचलून तिने सुई आत सारली. सुईशी जन्म काढलेल्या बाईंच्या नजरेला तो हात पटला. टोचणं सरळ आणि हलकं. ढब्बूने जांभई दिली.

"झालं?"

"झालं."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. भावासाठी सगळं गाव धावलं होतं, नवस, झाडपाला, गंडेदोरे, काही म्हणजे काही करायचं उरलं नव्हतं. आणि इथे एका जांभईत आटोपलं.

त्यांनी पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. उबदार होतं, कवटी अंड्यासारखी नाजूक. मग त्या घरी न जाता बाकावर परत येऊन बसल्या. पहिलवानाची कुत्री आत गेली, बाहेर आली. अभ्र्यातलं मांजर डॉक्टरिणीच्या हातावर ओरखडा काढून सुटलं, पुन्हा सापडलं, टोचून घेऊन आलं. दार उघडायचं आणि बाई मान वर करून बघायच्या, जणू प्रत्येक वेळी एक पोर वाचून बाहेर येत होतं.

फोन वाजला. सून होती. "आई, अजून नंबर लागला नाही का?"

"लागला गं केव्हाच."

"मग बसलात कशाला?"

"बघतेय," बाई म्हणाल्या. "तू ये इकडेच, सुटलीस की. तुला काहीतरी सांगायचंय."