डावीकडचा पंप

त्या रविवारी बाप-लेकीत संडासावरून जुंपली होती.

"उलटा फिरवताय, बाबा."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून नट-बोल्ट फिरवतोय मी. गप धर."

बोट लहानशी, एका शिडाची, धक्क्याला दोरांनी बांधलेली. तिच्या नाकाडात, म्हणजे पुढच्या टोकाला, एकाने श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येऊ नये अशा जागेत हातपंपाचा संडास होता. दांडा ओढला की समुद्राचं पाणी आत यायचं, दाबला की सगळं बाहेर जायचं. अलीकडे मात्र निम्मं बाहेर जायचं आणि निम्मं पंपाच्या बुडातून पाझरायचं. त्या वासापायी आईने बोटीवर पाऊल टाकणं केव्हाच सोडलं होतं. "माझ्या त्या सवतीचं न्हाणीघर सुधारलं की मला बोलवा," असं ती वर म्हणायची. शेवटी बाबांनी नवा संडास मागवला. खोकं घरी येऊन पडलं होतं.

जुना काढायचा तर दोन माणसं लागत. बोल्ट वरून फळीत उतरलेले, नट खालच्या कपाटात. लेक कुशीवर पडून डोकं कपाटात खुपसायची आणि दिसत नसलेल्या नटावर अंदाजाने पाना बसवायची. वर बाबा नेहमीसारखा डाव्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले. "धर," ते म्हणायचे. "धरलं," असं खालून ऐकू आल्याशिवाय ते तसूभर फिरवत नसत. लहानपणापासून शिड, दोर, नांगर, सगळं काम या दोन शब्दांवर चालायचं.

तीन बोल्ट सुटले. चौथा ढिम्म हलेना.

"किती सरकारं आली नि गेली, हा गडी खुर्ची सोडत नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी त्याच्यावर तेल सोडलं. "मुरू दे. उद्या येऊ, खलाशी."

हात धुताना, तिच्याकडे न बघता, ते म्हणाले, "कंटाळतेस ना तू इथे? माझ्यानंतर बोट विकून टाका. तुझा जीव कशाला अडकवायचा."

"कोपरापर्यंत धुवा आधी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला वाकलेले बाबा पुन्हा सरळ झालेच नाहीत.

माणसं आली, बसली, पांगली. लेकीला मात्र एका जागी बसवेना. पुस्तक उघडायची आणि पानात बोट ठेवून उठायची, मग घरभर ते पुस्तक तसंच हातात. घडी केलेले कपडे पुन्हा उलगडायची. खिडकी लावायची, उघडायची. आई हे सगळं बघत होती. एक दिवस म्हणाली, "बोटीला गिऱ्हाईक बघितलंय. शनिवारी दुपारी येतील."

लेकीने उघडलेली खिडकी पुन्हा लावली.

"तुला तरी कुठे हौस होती? त्यांचं मन मोडू नये म्हणून जायचीस. मला काय कळत नव्हतं?"

"संडासाचं काम अर्धवट आहे," लेक म्हणाली. "तो बसवल्याशिवाय कशी दाखवायची?"

तिने खोकं फोडलं. जेवणाच्या टेबलावर पंपासकट भांडं ठेवलं, दांडा नि सुटे भाग जोडले. हातांना काम मिळाल्यावर जरा बरं वाटलं. मग तिला आठवलं, याला दोन माणसं लागतात.

शनिवारी सकाळी आई बोटीवर आली. नाकाला रुमाल, हातात पर्स, चेहरा सवतीच्या घरी आल्यासारखा.

"मी खाली शिरणार नाही, सांगून ठेवते."

"वर बस. फक्त फिरव. पण आधी 'धर' म्हण."

"का? तुला दिसत नाही का?"

"नाही दिसत. म्हण तू."

चौथा बोल्ट पहिल्याच झटक्याला सुटला. त्या दिवशी बाबांनी सोडलेलं तेल मुरलं होतं. कपाटात डोकं घालून ती जराशी तशीच पडून राहिली.

"अगं, झोपलीस काय?"

"नाही. पुढचं आण."

जुना संडास दोघींनी धक्क्यावर ठेवला. आईने त्याच्यावर पोतं टाकलं. नवा फळीवर बसवला. पाइपाची तोंडं कडक होती, ती किटलीतल्या गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि वर पट्ट्या आवळल्या. बोल्ट उतरवले. आईचा "धर" आधी चोरटा होता. शेवटच्या बोल्टापर्यंत तो धक्क्यावर ऐकू जाईल इतका मोठा झाला. लेकीने पाण्याची तोटी उघडली, सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं. कोरडे.

"बघ आता चालवून," ती म्हणाली.

आई झाकणावर ऐसपैस बसली आणि तिने उजवा हात खाली नेला. हाताला काही लागलं नाही.

"दांडा कुठे गेला?"

"हा काय, डावीकडे."

"डावीकडे?" आईने कोपऱ्यातलं रिकामं खोकं ओढून त्यावरचं चित्र बघितलं. "इथे तर उजवीकडे दाखवलाय."

खरंच होतं. पंप उजवीकडे जोडूनच आला होता. टेबलावर तिनेच त्याचे स्क्रू काढले होते आणि तो पलीकडे फिरवून बसवला होता. त्या वेळी मनात एवढंसुद्धा आलं नव्हतं की आपण काही बदलतोय.

"तू तर उजव्या हाताची," आई म्हणाली. मग हळू आवाजात, "ते गिऱ्हाईक डावखुरं आहे का गं?"

धक्क्याच्या फळ्यांवर बूट वाजले. "आहे का कोणी?" बाहेरून हाक आली.

आई उठायला लागली. लेकीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात तेलकट होता, साडीला डाग पडला. दोघींनी तो बघितला.

"त्यांना परत पाठव, आई."

"अगं, पण..."

"मला हवीय ही."

आई तिच्याकडे बघत राहिली. लेकीची नजर दांड्यावर होती. तिने डाव्या हाताने तो धरला आणि ओढला. समुद्र खळखळत भांड्यात आला.

"मला आवडायचं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्यासाठी नाही यायचे मी. मलाच यायचं असायचं."