देवाचा खरारा

मित्रांनो, मी एक जुना खरारा आहे. खरारा म्हटलं की तुम्हाला तबेला आणि घोडा आठवेल. पण मी घोड्याचा नाही, देवाचा खरारा आहे. माझी उंची दोन पुरुष आणि माझे दात चोवीस. म्हणजे होते चोवीस, आता एकोणीस उरले आहेत. बाकीचे पाच कसे गेले, तेच सांगायला बसलो आहे.

आमचा देव झुरम. केल्थान गावामागे जी लांबलचक हिरवी टेकडी दिसते ती टेकडी नव्हे, तोच झुरम. शेपूट नदीत, डोकं मठाच्या अंगणात आणि मधल्या पोटाला टेकून गावातली सगळी घरं. त्याच्या पोटात जाळ असतो, त्यामुळे भिंती उबदार राहतात. बायका जवाच्या भाकरीसुद्धा त्याच्या बरगडीवर भाजतात. हिवाळ्यात आमच्याकडे नदी तळापर्यंत गोठते, पण केल्थानमध्ये थंडीने कुणाचं नाकसुद्धा लाल होत नाही.

मला ब्रोग लोहाराने घडवलं. देवाच्या पाठीवर शेवाळ फार साचायचं, म्हणून त्याने एका मोडक्या दाताळ्याचे दात काढले, धार लावली आणि लांब दांड्यावर बसवले. पहिल्यांदा मी देवाच्या पाठीवरून फिरलो तेव्हा देवाने डोळे मिटून असा काही घूंऽऽ केला, की गावातलं सगळं दूध नासलं. केल्थानच्या लोकांनी आठ दिवस नुसतं पनीर खाल्लं. देव खूश आहे हे आमच्याकडे असं कळतं.

मग मी मोल्दाच्या घराण्याकडे आलो. आधी तिची पणजी, मग आजी, मग आई आणि शेवटी मोल्दा. मोल्दा अंगाने आडवी, तोंडाने फटकळ. रोज सकाळी ती मला खांद्यावर टाकायची, पंखाच्या काठाने वर चढायची आणि देवाशी गप्पा मारत घासायची.

"कूस वळव जरा. अरे बाबा, इतकी नव्हे! खाली शिंप्याचं घर आहे."

देव निमूटपणे ऐकायचा. डाव्या पंखाखाली तेविसावा खवला ही त्याची खास जागा. तिथे मी टेकलो की त्याचा मागचा पाय आपोआप हलायचा आणि नदीतले मासे उडून काठावर पडायचे. कोळी मोल्दाला नेहमी विचारायचे, "काकू, आज पाय हलवणार का?"

आणखी एक काम माझ्याकडे होतं. केल्थानचे लोक देवावर जव उधळतात. लग्न झालं की मूठभर जव, मूल झालं की मूठभर जव, गाय व्याली तरी मूठभर जव. ते दाणे खवल्यांच्या फटीत जाऊन बसायचे आणि मी ते रोज उकरून काढायचो. या कामाचं कौतुक कुणी केलं नाही. मलाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग तार्विनबुवा मठाचे मुख्य पुजारी झाले. माणूस वाईट नव्हता. भक्ती इतकी, की देवाकडे बघतानाच त्यांचे डोळे भरून यायचे, आणि त्यामुळे त्यांना देव कधी नीट दिसायचा नाही. एके दिवशी त्यांनी मला मोल्दाच्या गोठ्यात, शेणाच्या फावड्याशेजारी टांगलेलं पाहिलं आणि ते मटकन खालीच बसले.

"मोल्दा! दीडशे वर्षं रोज देवाला स्पर्श करणारी ही पवित्र वस्तू, आणि ती इथे?"

"मग कुठे ठेवू? माझ्या अंथरुणात?" मोल्दा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मला वाजतगाजत मठात नेलं. काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलं. कुणाला टोचू नये म्हणून माझ्या दातांवर चांदीची टोपणं बसवली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. रोज धूप, रोज फुलं. दूरदूरच्या गावचे लोक येऊन माझ्यापुढे डोकं टेकवायचे. आपण मोठेच कुणीतरी आहोत, असं मला वाटू लागलं.

देवाला घासायचं मात्र बंद झालं. साध्यासुध्या हातांनी देवाच्या अंगाला शिवणं बुवांना पटेना. त्याऐवजी सकाळी सात पुजारी वीस पावलांवर उभे राहून हंसाच्या पिसांनी हवा खाजवायचे आणि स्तोत्र म्हणायचे. मोल्दाने ते एकदा पाहिलं आणि ती हसून हसून इतकी बेजार झाली, की तिला अंगणातून बाहेर काढावं लागलं. मठाचं दार तिला कायमचं बंद झालं.

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडावर देवाने एक डोळा उघडला आणि तो बोलला. कुणाच्या आजोबा-पणजोबांनीही ऐकलं नव्हतं, असा तो आवाज.

"पाठ खाजवा," देव म्हणाला.

सगळं गाव आनंदाने रडलं. विद्वान मंडळी माझ्या पेटीसमोर बसली आणि अकरा दिवस चर्चा चालली. पाठ आपल्याला दिसत नाही, तसाच आत्माही दिसत नाही. तेव्हा देवाने आत्म्याविषयी काही सांगितलं आहे, असं ठरलं. मग देव म्हणाला, "डाव्या पंखाखाली." त्यावर आणखी अकरा दिवस गेले आणि दोन जाडजूड ग्रंथ तयार झाले. मित्रांनो, मी पेटीत पडून ऐकत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. चोवीस दात असून तोंड नसणं, यासारखी शिक्षा नाही.

शेवटी देवाने मठाच्या घंटाघराला पाठ घासली. घंटाघर कोसळलं. मग त्याने धान्याच्या कोठाराकडे पाहिलं.

"देव कोपला!" बुवा ओरडले. "जव उधळा! आणखी जव उधळा!"

लोकांनी पोतीच्या पोती उधळली. देवाने दीर्घ श्वास घेतला, शेपूट नदीतून बाहेर काढली आणि पंख उघडले. समुद्राकडे मोठमोठे खडबडीत खडक आहेत, तिकडे तो निघाला होता. भिंतींची ऊब पहिल्यांदाच कमी झाली. आया मुलांना छातीशी धरून बाहेर आल्या. देव गेला तर आठवड्याभरात गाव गोठणार, हे न कळण्याइतकं लहान तिथे कुणी नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून मोल्दा आली, थेट मठात घुसली. बुवा पेटीसमोर हात पसरून उभे राहिले.

"अहो बुवा, देवाला खाज सुटलीय."

"मोल्दा, तुला त्यातला अर्थ कळायचा नाही."

"अर्थ नाही कळत. पाठ कळते. चाळीस वर्षं घासलीय मी ती. व्हा बाजूला!"

तिने पायातला लाकडी जोडा काढून काचेवर हाणला. पक्कड शोधायला वेळ नव्हता, म्हणून टोपणं तिने सरळ दातांनी उपटली. माझ्यापायी तिचाही एक दात गेला. मग ती मला घेऊन हलत्या पंखावर चढली, धापा टाकत, शिव्या देत. "थांब रे बाबा! जातोस कुठे मला न सांगता?"

तेविसाव्या खवल्याखाली जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिथे जवाचं शेत उगवलं होतं! तीन वर्षांच्या लग्नांचे, बारशांचे, गाईंचे दाणे देवाच्या उबेत रुजले होते आणि त्यांची मुळं थेट त्याच्या कातडीत उतरली होती. मी घुसलो. मोल्दाने सगळं वजन टाकलं. एक दात तुटला, दुसरा तुटला. पाचवा तुटला तेव्हा मुळांचा अख्खा गड्डा सुटून खाली पडला, नेमका तार्विनबुवांच्या पायाशी.

देवाचे पंख हळूहळू मिटले. शेपूट पुन्हा नदीत गेली. आणि मग, घूंऽऽ! गावातलं सगळं दूध नासलं. लोक नासलेलं दूध पाहून एकमेकांच्या गळ्यात पडले.

"अजून," देव म्हणाला.

विद्वानांनी लगबगीने दौती उघडल्या. पण तार्विनबुवा त्या मुळांकडे बघत होते. त्यात त्यांनी स्वतः उधळलेले दाणेही असणार. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि वर पाहून विचारलं, "मोल्दाताई, मी येऊ?"

"या. जोडे काढून या, घसराल."

त्या दिवशी बुवांचे डोळे भरले नाहीत. कदाचित त्यामुळेच देव त्यांना पहिल्यांदा नीट दिसला.

मित्रांनो, आता मी पुन्हा गोठ्यात आहे, शेणाच्या फावड्याशेजारी. फावडं मला अधूनमधून चांदीच्या टोपणांवरून चिडवतं. मला राग येत नाही. ज्या वस्तूवर तुमचा जीव असेल तिला काचेत ठेवू नका, एवढंच माझं मागणं आहे. तिचे दात झिजू द्या, दांडा गुळगुळीत होऊ द्या. वापराविना मिळणाऱ्या मानाचं ओझं फार असतं, ते मी तीन वर्षं सोसलं आहे.

लांबून आलेले भाविक अजूनही गोठ्याच्या दारात उभे राहतात आणि माझ्यापुढे हात जोडतात. मोल्दा त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळते आणि मला त्यांच्या पुढ्यात धरते.

"हात रिकामेच दिसतायत," ती म्हणते. "दांड्याला लावा की. तो तिकडे वाट बघतोय."