डोणगावहून पुंजाजी

पुंजाजीनं पुण्याच्या एका कंपनीसाठी सिनेमाची अकरा गाणी लिहिली, आणि पडद्यावर नाव झळकलं ते मालकाच्या मेव्हण्याचं. ज्याला धड एक ओळ जुळवता येत नव्हती, त्याचं! महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी पुंजाजी डोणगावला परतला, तो छातीतला खोकला घेऊनच. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं शेवटचं गाणं रचलं, बायकोला म्हणून दाखवलं आणि म्हणाला, "सत्यभामा, एक डाव माह्यं नाव गाण्यासंगं ऐकू आलं असतं, तं बरं झालं असतं." पंधरवड्यात तो गेला.

सत्यभामाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणं तोंडपाठ होतं. वर्षभरानं ती आणि तिची धाकटी जाऊ चांगुणा वावरात पऱ्हाटी निंदत होत्या. सत्यभामाबाई तेच गाणं म्हणत होती. तेवढ्यात बांधावर जीप थांबली. कुठल्याशा सिनेमासाठी गावाकडची गाणी शोधत हिंडणारा माणूस होता. त्यानं गाणं दोनदा म्हणवून घेतलं, वहीत उतरवलं आणि विचारलं, "कुणी रचलं हो हे?"

"आमच्या घरच्यांनी."

"नाव काय त्यांचं?"

आता आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, तो गेला तरी नाही. सत्यभामाबाईनं आशेनं जावेकडं पाहिलं. पण चांगुणाचा तो थोरला दीर. तिनं तर पदरच दातात धरला. वावरात तिसरं माणूस नव्हतं.

"गडीमाणसं बाजाराले गेले. सांजेले या, ते सांगतीन," सत्यभामाबाई म्हणाली.

"असू द्या, जुनंच दिसतंय," म्हणत तो जीपमध्ये बसला. सांजेला काही तो आला नाही.

दोन वर्षांनी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ते गाणं लागलं. निवेदक म्हणाला, "गीत पारंपरिक." म्हणजे काय, ते रामराव मास्तरांनी सांगितलं: कुणी रचलं, कुणाला ठाऊक नाही. सत्यभामाबाईच्या काळजाला घरं पडली. मालकाच्या त्या मेव्हण्याला शिव्या तरी देता येत होत्या. इथं तर चूक तिचीच होती. मास्तरांनी रेडिओला, सिनेमावाल्यांना पत्रं लिहिली. कुणी दाद दिली नाही.

गाणं मात्र गाजत होतं. दर आठवड्याला फर्माइशी लागायच्या, गाण्याआधी ते मागणाऱ्यांची नावं वाचायचे. एक दिवस ती पोस्टकार्ड घेऊन मास्तरांकडं गेली.

"गाणं मांगायचं हाय."

"कोणाच्या नावानं?" मास्तर सवयीनं विचारून बसले.

तिनं पदर सावरला.

"पुंजाजी," ती म्हणाली. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच.

महिन्यानं दोघी जावा पंचायतीच्या ओट्याखाली उभ्या होत्या. रेडिओवर नावं आली. "मलकापूरहून इंद्रभान, नांदुऱ्याहून कौशल्या, आणि डोणगावहून पुंजाजी. गीत पारंपरिक."

"आलं वं नाव," सत्यभामाबाई चांगुणाला म्हणाली, आणि गाणं संपेपर्यंत पदरात तोंड घालून रडली.