स्थिर पत्ता नाही

पावणेअकराला ब्रीडा कॉलीला आरोपींच्या काचेच्या पिंजऱ्यात आणून उभं केलं. गुन्हा तिने कबूलच केला. रस्त्याकडेच्या सरकारी जागेवरून तिची कॅरव्हॅन, म्हणजे ट्रॅव्हलर या भटक्या समाजाचं चाकांवरचं घर, हटवायला आलेल्या एका पोलिसाच्या दंडाला ती कडकडून चावली होती. न्यायासनावर तिघं मानद न्यायाधीश होते. मधल्या मिसेस अॅटवेल, त्या दिवशीच्या अध्यक्षा, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मिस हिबर्ट, दोन वाजता तोंडी अहवाल द्या. तुरुंगासकट सगळे पर्याय खुले आहेत."

बर्मिंगहॅमपासून अर्ध्या तासावरच्या या गावात मी चौदा वर्षं प्रोबेशन अधिकारी आहे. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीशी बोलायचं आणि त्याला आत पाठवावं की बाहेर ठेवूनच शिक्षा द्यावी ते कोर्टाला सांगायचं, हे माझं काम. दहापैकी नऊ वेळा कोर्ट आमचं ऐकतं.

त्याच सकाळी दहा वाजता अॅशली टिमिन्सची केस झाली होती. पबबाहेर त्याने पोलिसाच्या तोंडावर ठोसा मारला होता. ओठ फाटला, दोन टाके पडले. मी सुचवलं की पायात इलेक्ट्रॉनिक कडं घालावं आणि आठ आठवडे संध्याकाळी सात ते सकाळी सात घराबाहेर पडायला बंदी करावी. तिघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. बारा मिनिटांत काम झालं. टिमिन्स जाताना मला डोळा मारून गेला.

ब्रीडाने घेतलेला चावा जाकिटावरून होता. पोलिसाच्या कातडीवर फक्त लाल वळ उठला होता. म्हणून मी मनात म्हटलं, हेही बारा मिनिटांचंच काम आहे.

तळघरातल्या भेटीच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी होती. वय एकोणतीस, तांबूस केस घट्ट बांधलेले. खुर्ची दाखवली तरी बसली नाही. मी नाव सांगितलं, "मी व्हर्ना हिबर्ट."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"हिबर्ट? आमच्या मायलीचं लिहिणारी तूच का ती?"

"कोण मायली?"

"मायली कॉली. माझा भाऊ. चार वर्षं झाली." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला. "'स्थिर पत्ता नाही. भटक्या राहणीमुळे अटी पाळण्याची शक्यता कमी.' मला वाचता येत नाही बाई, पण हे पाठ आहे. भाचीकडून दहादा वाचून घेतलंय. अठरा आठवड्यांचा तुरुंग झाला त्याला. नवव्या आठवड्यात आई गेली. मातीला सोडलं नाही त्याला. आमच्यात मुलगा आईच्या मातीला नसणं म्हणजे काय असतं, ते तुला नाही कळायचं."

मला मायली आठवेना. हेच फार लागलं. वाक्य मात्र आठवलं, कारण ते माझंच होतं. कॉम्प्युटरवर जपून ठेवलेलं. लागेल तेव्हा उचलायचं आणि चिकटवायचं.

"लिहिलं होतं मी," मी म्हटलं.

"मग आता काय विचारतेस? ते आहेच की तुझ्याकडे तयार. फक्त नाव बदल."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी लॅपटॉप उघडला आणि खुर्ची वळवून पडदा तिच्या बाजूला केला. "आज जे टाइप करीन ते प्रत्येक वाक्य तुम्हाला वाचून दाखवीन. चुकलं तर थांबवा."

"आणि तू खोटं वाचलंस तर?"

मी म्हटलं, "तुमच्या वकिलाला बोलावते. तो शेजारी बसून बघेल."

गॅरेथ प्रॉबर्ट आला. त्या दिवशी त्याच्याकडे नऊ आरोपी होते आणि हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच. तो दाराशीच उभा राहून पडद्याकडे बघत राहिला, तेव्हा कुठे ब्रीडा बसली.

चावा घेतला त्या सकाळची हकिकत तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. सात वाजता माणसं आली. कोणी दार वाजवलं नाही. तिची कॅरव्हॅन सरळ ट्रकला जोडली. ती पाणी आणायला नळावर गेली होती आणि आत तिची पाच वर्षांची मुलगी झोपली होती. ट्रक हलला. ब्रीडा ओरडत धावली. त्या पोलिसाने तिला मागून धरलं आणि म्हणाला, "शांत हो, नाटकं नकोत."

"पोर आत आहे, पोर आत आहे, असं सांगत होते मी. तो सोडेना. मग चावले."

"हे कोर्टात सांगितलं का?"

"विचारलं कोणी?"

गॅरेथचं चावणं थांबलं. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. पंधरा मिनिटांच्या भेटीत त्याने एवढंच विचारलं होतं, चावलीस की नाही?

आता प्रश्न पत्त्याचा होता. हटवल्यापासून ती आपल्या आत्याकडे राहत होती, गावाबाहेर कौन्सिलने ट्रॅव्हलरांसाठी राखलेल्या अधिकृत तळावर, सहा नंबरच्या जागेत विटांवर पक्क्या बसवलेल्या कॅरव्हॅनमध्ये. मी कॉम्प्युटरवर पत्ता भरू लागले. घर, फ्लॅट, वसतिगृह आणि शेवटी 'स्थिर पत्ता नाही', एवढेच पर्याय होते. घर निवडलं तर रस्त्याचं नाव मागायचं, आणि तळाला रस्ताच नव्हता. मागे मी अशा वेळी शेवटच्या पर्यायावर बोट ठेवून मोकळी व्हायची.

वर येऊन मी पायातली इलेक्ट्रॉनिक कडी बसवणाऱ्या कंपनीला फोन लावला. अकरा मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक पोरगी बोलली.

"कॅरव्हॅनमध्ये आम्ही बसवत नाही."

"असा नियम आहे?"

"नाही बसवत आम्ही."

"नियम कुठे लिहिलाय तेवढं सांगा."

"मॅडम, त्या हलतात."

"ही हलत नाही. विटांवर उभी आहे. वरिष्ठांना द्या."

पुन्हा संगीत सुरू झालं. तेवढ्यात माझा साहेब फिलिप स्टॅनियर टेबलाशी येऊन उभा राहिला. चांगला माणूस. माझ्या आईच्या अंत्यविधीला आला होता.

"व्हर्ना, साडेबारा झाले. दुपारच्या अजून दोन केसेस आहेत. 'घरबंदीसाठी अयोग्य' लिही आणि पुढे चल."

"मग ती आत जाईल, फिल. तिघं दुसरं काय करणार?"

"ते त्यांचं काम. आपण सगळ्यांना एकच फॉर्म लावतो. यापेक्षा समान वागणूक काय असते?"

"फॉर्ममध्ये तिची जागाच नाही."

"आणि तळावर धोक्याचा शेरा आहे, माहितेय ना? दोन कर्मचाऱ्यांशिवाय जायचं नाही."

"कधी काय झालं होतं तिथे?"

त्याने वाकून माझ्याच कॉम्प्युटरवर शोधलं. बराच वेळ शोधलं. शेरा नऊ वर्षांपूर्वीचा होता. कारणाचा रकाना कोरा.

"तरीपण," तो म्हणाला. मग जाता जाता आवाज खाली आणून म्हणाला, "तूच मागे असं लिहायचीस. आज यांच्यासाठी नियम वाकवलास, तर लोक म्हणतील तू बाजू घेतेस. तुझ्याबद्दल तर लगेच म्हणतील. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

कळत होतं. मी काळी; माझे आईवडील जमैकाहून आले. पहिल्या वर्षी याच कोर्टाच्या दारावरच्या रखवालदाराने मला तीनदा आरोपींच्या रांगेत उभं केलं होतं. तेव्हापासून मी चौदा वर्षं एक काळजी घेत आले, की कोणी म्हणू नये ही बाजू घेते. मायलीसारख्यांचे कागद मी त्याच काळजीपोटी झटपट निपटले असतील का? कानात संगीत वाजत होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी कंपनीची वरिष्ठ बाई फोनवर आली. तिने सरळ सांगितलं की तसा नियम नाही, स्वतंत्र वीजजोडणी असली की झालं. मागच्या वर्षी त्यांनी कालव्यातल्या बोटीवरसुद्धा यंत्र बसवलं होतं. "मीटर नंबर द्या, मी ईमेल करते."

मी ब्रीडाच्या आत्याला फोन लावला. नाव नॅन कॉली. मागे कुत्री भुंकत होती.

"कोर्टाची बाई? पोरीला आत टाकलं का गं?"

"अजून नाही. तुमच्या विजेच्या मीटरवरचा नंबर वाचून दाखवाल?"

"दाखवते की. आकडे येतात मला, अक्षरांशी तेवढं माझं जमत नाही. थांब, जिमीने त्याच्यापुढे गॅसची टाकी ठेवलीय. मेला एक वस्तू जागेवर ठेवेल तर शपथ." टाकी सरकवल्याचा आवाज आला. मग तिने एकेक आकडा दोनदा वाचला. शेवटी म्हणाली, "पोरगी सकाळपासून खिडकीत बसलीय. आई जेवायला येणार का विचारते. काय सांगू?"

"अजून सांगता येत नाही."

"तेच सांगते मग."

एक बावन्नला ईमेल आला. मी धावत तळघरात गेले आणि सगळा अहवाल ब्रीडाला वाचून दाखवला. गॅरेथ शेजारी होता. एका ठिकाणी तिने थांबवलं. मी लिहिलं होतं, 'घाबरून चावा घेतला.' ती म्हणाली, "घाबरून आणि रागाने. राग होता मला. ते पण घाल." मी घातलं.

दोन वाजता मी उभी राहिले. कॅरव्हॅनमधली मुलगी, मीटर, कंपनीचा ईमेल, सगळं सांगितलं. आठ आठवड्यांची घरबंदी सुचवली. मिसेस अॅटवेल लिहून घेत होत्या. त्यांच्या डाव्या बाजूचे गृहस्थ पुढे झुकले.

"पण ही माणसं फिरती. पुढच्या आठवड्यात तिथे असतील याची खात्री काय?"

काचेआड ब्रीडाने मान खाली घातली. बहुतेक हे वाक्यही तिला पाठ असावं.

"साहेब," मी म्हटलं, "आज सकाळी तुम्ही ज्याला घरबंदी दिलीत त्याने दोन वर्षांत चार पत्ते बदललेत. माझ्या अहवालात होतं ते. त्याच्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही."

कोर्टाचा कायदा सल्लागार उठला. "मिस हिबर्ट, दुसऱ्या आरोपीची माहिती या केसमध्ये आणता येत नाही."

"माफ करा."

"अजून काही?" मिसेस अॅटवेल म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते, रागाने की कशाने ते कळेना.

"चार वर्षांपूर्वी याच कुटुंबातल्या एकाच्या अहवालात मी लिहिलं होतं की हे लोक अटी पाळणार नाहीत. त्याला माझ्याकडे काही आधार नव्हता. मी ते न तपासता लिहिलं. आजचं तपासलेलं आहे."

तिघं आत गेले. अशा केसला ते पाचेक मिनिटं घेतात. पंचवीस मिनिटं झाली. दाराआडून एकदा चढलेला आवाज आला, मग काहीच नाही. गॅरेथ नखं खात होता. मागच्या बाकावर फिलिप कधी येऊन बसला होता ते मला कळलं नाही. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. ब्रीडा उभीच होती.

ते परत आले. घरबंदी दिली होती. पण आठ नाही, सोळा आठवडे.

"पोलिसावर हात टाकणं गंभीर आहे," मिसेस अॅटवेलनी वाचून दाखवलं. टिमिन्सच्या दुप्पट का, ते त्या कागदात नव्हतं.

पिंजऱ्याचं दार उघडलं. बाहेरच्या पायऱ्यांवर ब्रीडाने मला गाठलं. आभार मानायला आली असं मला क्षणभर वाटलं.

"दुप्पट," ती म्हणाली.

"हो. अपील करता येईल. गॅरेथशी बोला."

"नको. पोरीकडे जाते." दोन पायऱ्या उतरून ती वळली. "मायलीला सांगू का, तू आत काय बोललीस ते?"

"मी स्वतः येऊन सांगितलं तर?"

"नको. नाही आवडणार त्याला." मग म्हणाली, "मी सांगेन."

मी टेबलाशी परत आले आणि 'स्थिर पत्ता नाही' असं लिहिलेले माझ्या नावचे सगळे अहवाल मागवले. सहा वर्षांत अकरा निघाले. त्यातले आठ ट्रॅव्हलर होते. कॉनर डोरन नावाचा एक जण अजून आत होता, दहावा आठवडा चालू होता. मी फिलिपसमोर कागद ठेवला.

"म्हणजे तू स्वतःविरुद्धच तक्रार करतेस?" त्याने विचारलं.

"हो. आणि डोरनच्या वकिलाला आजच कळवतेय."

त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "सोमवारपासून तुला कोर्टाची ड्यूटी नाही," तो म्हणाला. "वरून फोन आलाय. मी नाही म्हणून बघितलं." मग खालच्या बाजूला सही करून कागद पुढे पाठवला.

चौकशी पाच महिने चालली. मला लेखी समज मिळाली, अहवाल न तपासल्याबद्दल. तळावरचा धोक्याचा शेरा काढला. कॉम्प्युटरवर नवा पर्याय अजून आलेला नाही, विनंती वरच्या कचेरीत आहे. ब्रीडाने सोळाच्या सोळा आठवडे पाळले, एकदाही चुकली नाही. कॉनर डोरनची शिक्षा वरच्या कोर्टाने कमी केली, पण सुनावणीची तारीख मिळेपर्यंत त्याची ती बरीचशी भोगून झाली होती. तेरा दिवस आधी सुटला.