मागच्या फाटकाचं सील

सील तुटलेलं नव्हतं. तार जागच्या जागी होती, शिशाचा मणी जागच्या जागी होता, आणि मण्यावर पकडीचा शिक्काही छान उमटलेला होता. फक्त तो उमटला होता फाटकाच्या बाजूला. मीटरकाका सील ठोकत तेव्हा शिक्का नेहमी बघणाऱ्याच्या बाजूला येई. नोकरीत असताना त्यांनी गावभरच्या मीटरना तसंच सील ठोकलं होतं आणि हाताची सवय अशी एका रात्रीत फिरत नाही. म्हणजे कोणीतरी त्यांचं सील कापलं होतं आणि साळसूदपणे दुसरं बसवलं होतं.

ते गुडघा सांभाळत घरात आले. बायको ओट्याशी भाजी चिरत होती.

"काल मागच्या बाजूला कोण आलं होतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली आणि चिरत राहिली.

हा प्रश्न तिला नवा नव्हता. मीटरकाकांनी सारी हयात वीज खात्यात मीटर तपासण्यात घालवली होती. कोणी मीटरला चुंबक चिकटवलंय, कोणी खांबावरून तार ओढलीय, कोणी सील उघडून आतलं चक्र अडवलंय, हे शोधणं त्यांचं काम. ज्या घरात गेल्यागेल्या हसून पाण्याचा पेला पुढे येई, त्या घरचं मीटर ते दोनदा तपासत. निवृत्त झाल्यावर काम संपलं, पण संशय काही निवृत्त झाला नाही. तो घरी आला आणि गल्लीभर फिरायला लागला. गल्लीतली माणसं त्यांना मीटरकाका म्हणत आणि ते दिसले की उगाचच आपल्या मीटरकडे एकदा बघून घेत.

मग घरांच्या मागच्या मोकळ्या जागेवर मोठं दुकान झालं. दुकानाचं तोंड हमरस्त्याला आणि पाठ गल्लीला. मालाच्या गाड्या पाठीकडून येत, मागे घेताना टीं टीं ओरडत. थंड खोलीचं मशीन अहोरात्र घरघरत असे, आणि आवारातला एक भलामोठा दिवा पडद्यातून थेट लोकांच्या अंथरुणात येई. तेव्हा मात्र गल्लीला मीटरकाकांचा पहिल्यांदा उपयोग झाला. त्यांनी दुकानाच्या मॅनेजरला गाठलं आणि शेजारच्या नर्सबाईंच्या खोलीत आणून उभं केलं. नर्सबाईंची कायम रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसाची. भर दुपारी तिथे उभं राहून जरा ऐका, एवढंच काका म्हणाले. मॅनेजरने ऐकलं आणि सगळं कबूल केलं. घरांच्या मागे उंच भिंत, भिंतीला लागून झाडं, दिव्याला झाकण, मशीन पलीकडच्या बाजूला. गल्ली खूश झाली. मीटरकाकांना मात्र घोर लागला. इतक्या पटकन हो म्हणाला म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

भिंत गल्लीच्या दोन्ही टोकांकडून यायला लागली. काका रोज जाऊन विटांच्या सांध्यात खिळा खुपसून बघत. सिमेंट बरोबर होतं, हे त्यांना आणखीच खटकलं. मग एक दिवस भिंत दोन्ही बाजूंनी येऊन नेमकी त्यांच्या घरामागे थांबली. मध्ये एक खिंडार राहिलं. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, तुमच्याकडचं शेवटी. कोणी सांगितलं, तर म्हणाला, सांगितलंय तसं करतोय. आणि तो झाडांचे खड्डे काढायला निघून गेला.

काकांनी ओळखलं. आपण पुढाकार घेतला, त्याचा हा सूड. सगळ्या गल्लीच्या वाट्याचा आवाज आता त्या एका खिंडारातून येत होता. नर्सबाई तांबारलेल्या डोळ्यांनी दारात आल्या आणि म्हणाल्या, काका, तुमच्या मागून येणारी गाडी माझ्या उशाशी उभी राहते. काल औषधाच्या बाटल्यांवरची नावं दोनदा वाचावी लागली, इतकं डोकं जड होतं. काकूंनी ते ऐकलं आणि त्या आत निघून गेल्या. काकांना वाटलं, हिचंही डोकं दुखत असणार.

त्यातच औषधाच्या दुकानासमोर एक प्रकार घडला. त्या मोठ्या दुकानाचा निळा गणवेश घातलेली एक मुलगी समोरून आली, थांबली आणि म्हणाली, "काका, गुडघा बरा आहे का आता?" मीटरकाकांनी त्या मुलीला जन्मात पाहिलं नव्हतं. गुडघ्याचं दुखणं घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं, डॉक्टर सोडून. ते तडक घरी आले आणि दार लावून घेतलं. आपल्यावर पाळत आहे, याबद्दल आता त्यांच्या मनात शंका उरली नाही.

म्हणून सील. खात्यातून निघताना सोबत्यांनी त्यांची सील दाबायची जुनी पकड आठवण म्हणून दिली होती आणि मण्यांचा डबा तर घरात होताच. फाटकाच्या कडीतून तार ओवून त्यांनी मणी दाबला. मनातून बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी हाताला त्याचं काम मिळालं होतं.

आणि आता शिक्का उलटा.

त्यांनी विचार केला. शिक्का उलटा येतो कधी? पकड डाव्या हातात असली तर. म्हणजे आलेला माणूस डावखुरा. त्या दिवशी मीटरकाका गल्लीत फिरले आणि दिसेल त्याच्या पुढे काहीतरी धरत गेले. शिंप्याला वर्तमानपत्र दिलं, त्याने उजव्या हाताने घेतलं. गवंड्याला विडी दिली, तीही उजव्या. नर्सबाई झोपेतून उठून आल्या तर त्यांना काय द्यावं सुचेना, म्हणून खिशातलं पेन दिलं. त्यांनी ते उजव्या हातात धरलं आणि काकांकडे जरा काळजीने पाहिलं. शिंपी मागाहून कोणाला तरी म्हणाला की काकांना उन्हाचा त्रास झालेला दिसतो.

थकून घरी आले. बायकोने गॅसवरून चहाचं भांडं उतरवलं, कप भरला आणि समोर ठेवला.

डाव्या हाताने.

कप समोर निवत राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते उद्याच्या कामासाठी तारा आणि मणी घरी आणत आणि दोघं मिळून ओवत बसत. एकदा तिने हट्टाने पकडही मागून घेतली होती, दोनचार मणी दाबले होते, आणि शिक्के उलटे आले म्हणून ते केवढे हसले होते. ते सगळं ते पार विसरले होते. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवले, पण हात कोणता ते बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गुडघा दाखवून येतो, असं सांगून ते पुढच्या दाराने निघाले, कोपऱ्यावर जरा वेळ थांबले आणि हळूच परत आले. घरात कोणी नव्हतं. पकड टेबलावर नव्हती. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

फाटक उघडं होतं. खिंडारापलीकडे दुकानाच्या पत्र्याच्या शेडखाली उलट्या टाकलेल्या क्रेटवर निळ्या गणवेशातल्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. माल मोजून पिशव्यांत भरण्याचं काम करणाऱ्या. त्यांच्या मधोमध त्यांची बायको. तिच्या क्रेटवर कोणीतरी पोतं घडी करून घातलं होतं, म्हणजे ती जागा तिचीच होती. थर्मास फिरत होता. आणि ती बोलत होती. ही इतकं बोलते हे मीटरकाकांना माहीत नव्हतं. मग तिने एक डोळा बारीक केला आणि हवेतल्या भिंतीत हवेतला खिळा खुपसून पाहिला, मान हलवली, दुसरीकडे खुपसला. बायका हसून एकमेकींवर पडल्या.

काकांच्या कानशिलात रक्त चढलं. तरी ते खिडकीतून हलले नाहीत. तिने मग गुडघ्यावर हात ठेवला, तो चोळला आणि काहीतरी सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. औषधाच्या दुकानासमोरच्या त्या मुलीने तिच्या हातावर हात ठेवला. बायको काय म्हणाली ते त्यांना ऐकायचं होतं, पण मशीनची घरघर मध्ये आली.

जेवणाची सुट्टी संपली. ती आली, फाटक लावलं, तार ओवली, मणी दाबला. मटार सोलावेत तितक्या निवांतपणे. आत आली तर नवरा खुर्चीवर.

काकांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "कोणी आलं नव्हतं. मीच गेले होते."

"भिंत तू थांबवलीस?"

"थांबवली नाही. गवंड्याला म्हटलं, आमच्याकडचं शेवटी कर. शेवट येणारच होता कधीतरी."

"मी हे सगळं तुझ्यासाठी करत होतो. आवाजाने तुझं डोकं दुखतं."

"माझं डोकं कधी दुखलं? दुखतं असं तुम्हीच ठरवलंत. मी नाही म्हटलं नाही, एवढंच." तिने थर्मास विसळायला घेतला. "तुम्ही कामावर असायचात तेव्हा या खिडकीतून नुसतं गवत दिसायचं. आता घरी असता, तर दिवसभरात एकच विचारता, कोण आलं होतं. त्या बायका विचारतात, मावशी, कशा आहात."

मीटरकाकांनी जन्मभर चोऱ्या पकडल्या होत्या. पकडल्यावर इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "भिंत होऊ दे आता. नर्सबाईला तोंड दाखवायची लाज वाटते मला. ती बिचारी जागी राहते आणि मी इथे गप्पा मारते."

त्या दुपारी काकांना झोप आली नाही. उठून त्यांनी चांगला शर्ट घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मोठ्या दुकानात शिरले. मॅनेजरला म्हणाले, भिंत पुरी करा, पण आमच्या घरामागे तीत एक दार ठेवा. जाड लाकडाचं, आवाज न येणारं. मॅनेजरने विचारलं, दार कशाला? परक्या माणसाला स्वतःचं वयसुद्धा खरं न सांगणाऱ्या मीटरकाकांनी त्याला सगळं खरं सांगितलं. शेडखालच्या बायका, क्रेट, पोत्याची घडी, चहा. मॅनेजरने हसून पाण्याचा पेला पुढे केला.

काकांनी तो घेतला आणि सगळा प्यायला.

मॅनेजर शब्दाला जागला. आठवड्याच्या आत भिंत पुरी झाली, दार बसलं, झाडं लागली. आवाज असा गेला की पहिल्या दिवशी गल्लीला चुकल्यासारखं झालं. नर्सबाई मुद्दाम सांगायला आल्या की पाच तास सलग झोपले, काका, पाच तास. काकूंना त्यांनी मिठी मारली. काकूही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दाराची किल्ली काकांनी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली आणि पकड माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेली असताना ते दाराच्या बिजागरीला तेल घालायला गेले. दार उघडलं. पलीकडे शेड मोकळी होती. क्रेट उचलून नेले होते, जमीन धुऊन काढलेली होती. खांबावर नवी कोरी पाटी होती: आवारात बाहेरच्या व्यक्तींस मनाई. कर्मचाऱ्यांनी जेवणाची सुट्टी आतल्या खोलीतच घ्यावी.

मीटरकाका तेलाची बाटली हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तेल घातलं, दोन्ही बिजागऱ्यांना नीट, दार लावलं आणि किल्ली जागेवर टांगली.

दुपारी तिने चहा केला. जरा जास्तच. थर्मासमध्ये ओतला, झाकण आवळलं. केस सारखे केले. मीटरकाका समोरच बसले होते. सांगायला हवं होतं. त्यांनी दोनदा घसा खाकरला. तिने किल्ली घेतली आणि ती गेली. तेल घातलेलं दार अजिबात वाजलं नाही.

ती लगेच परत आली. किल्ली आणि थर्मास तिने टेबलावर ठेवले. भरलेल्या थर्मासचा आवाज वेगळाच असतो.

"आज सुट्टी आहे त्यांना," ती म्हणाली.

भिंतीपलीकडे एक गाडी मागे येत होती. आवाज पार दबलेला होता, पण लक्ष दिलं तर ऐकू येत होता. दोघांनाही तो ऐकू आला. हयातभर समोरच्याचं खोटं पकडणाऱ्या त्या माणसाने टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे.

"असेल," ते म्हणाले. "सुट्टी असेल."

तिने मान हलवली आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

तू कशी आहेस, असं त्यांना विचारायचं होतं. तोंडात आलंही होतं, पण इतक्या वर्षांत कधी म्हटलेलं नसल्यामुळे ते तिथेच अडलं. त्यांनी समोरची खुर्ची पायाने सरकवली, मांडणीवरून दोन कप काढले आणि म्हणाले, "बस जरा."

ती बसली. थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी उघडून दिलं, आणि तिने डाव्या हाताने दोन्ही कप भरले.