संयूसाठी आठ पानं

कोल्हापुरात वाढदिवस असला की बोर्ड, पोरगं दहावी सुटलं की बोर्ड, शर्यतीत म्हैस पहिली आली तरी बोर्ड. आणि माणूस गेला, मग तर बोर्ड हवाच. आदर्श सहा वर्षं डिजिटल बोर्डांच्या दुकानात हेच करत होता. श्रद्धांजलीचा साचा त्याच्या कॉम्प्युटरवर तयारच असे. दोन्ही बाजूंना समया, वर झेंडूचं तोरण, मधे फोटोची मोकळी चौकट. नाव बदलायचं, फोटो टाकायचा, चेहरा जरा उजळ करायचा. गिऱ्हाईक डोळे पुसत म्हणायचं, "लय भारी झालाय."

गेल्या वर्षी त्या चौकटीत त्यानं सख्ख्या भावाचा फोटो टाकला. विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता. रात्रपाळी करून घरी येताना हायवेवर टेंपोनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. फोटो पन्हाळ्याचा होता. त्यात दादाचा हात आदर्शच्या गळ्यात होता. बोर्डासाठी आदर्शनं स्वतःला कापून काढलं, त्यामुळे दादाचा हात कोपरापाशीच संपला. तिथं त्यानं झेंडूची दोन फुलं जास्त टाकली.

तेव्हापासून आदर्शला काही होतच नव्हतं. जेवत होता, झोपत होता, मॅच बघत होता. लोक म्हणाले, पोरगं घट्ट काळजाचं आहे. कसलं घट्ट! दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर हिरडी कशी आपली वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

दादाची मुलगी संयोगिता, घरातली संयू, आता चार वर्षांची झाली होती. गाडीवर पुढं बसवून नेलं की प्रत्येक श्रद्धांजलीच्या बोर्डाकडं बोट करून ती ओरडायची, "बाबा!" जयसिंगपूरच्या नाक्यावरच्या फेटेवाल्या आजोबांनाही ती बाबाच म्हणाली. तेव्हा वहिनी, क्रांती, आदर्शला म्हणाली, "भावजी, हिला बापाचं एक बारकं पुस्तक करून द्या. बोर्डातला बाप बास झाला. चित्रातला चालंल, पर आपला पायजे."

आदर्शला आर्ट कॉलेजात शिकलेली युक्ती आठवली. त्याला तिथं झीन म्हणायचे. साधा ए-फोर कागद, त्याचे आठ चौकोन, मधे कात्रीचा एकच काप. वरच्या ओळीतली चार चित्रं उलटी काढायची, म्हणजे घडी घातल्यावर ती सुलटी होतात. ना टाचणी, ना डिंक. संयूच्या हातात मावेल एवढं पुस्तक तयार.

आठवडाभर तो चित्रं काढत बसला. मोटरसायकल पुसणारा दादा. मिसळ खाऊन उचक्या देणारा दादा. चौथ्या पानावर पन्हाळ्याचा तोच फोटो, पण या वेळी दादाचा हात पुरता काढला आणि त्या हाताखाली स्वतःलाही. हे पान त्याला सगळ्यांत आवडलं.

पाचव्या पानावर त्यानं कॉम्प्युटरसमोर बसलेला काका काढला आणि खाली लिहिलं : आईचा फोन आला, बाबा गेले. काकानं आधी बाबांचा बोर्ड केला. दहा मिनिटं लागली. मग काका दवाखान्यात गेला. हे पान संयूसाठी नव्हतंच. ते वहिनीसाठी होतं. वर्षभर त्या सकाळबद्दल ती त्याला चकार शब्द बोलली नव्हती. तिनं शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण ती काहीतरी बोलायला हवी होती.

रविवारी वहिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. त्यानं पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं. हात पुसून ती एकेक पान बघत गेली. उचक्यांपाशी हसली. पाचव्या पानावर थांबली.

"दहा मिन्टं?"

आदर्शनं मान हलवली.

"मी फोन कवा केलता तुमास्नी?"

"साडेनऊला."

"आणि आलासा कवा?" आणि तिनंच सांगितलं, "सव्वाबाराला. पावणेतीन तास. बोर्ड दहा मिन्टात झाला असंल. फुडं?"

मग त्याला सांगावं लागलं. छपाई होईपर्यंत तो मशिनपाशी उभा राहिला होता. बोर्डाच्या कडेला भोकं त्यानंच पाडली. मंडळाची पोरं म्हणत होती, तू जा, आम्ही लावतो. तरी तो चौकात गेला आणि खाली उभा राहून सांगत राहिला, डावीकडनं जरा वर घ्या, अजून वर.

"मला यायचंच नव्हतं, वैनी," तो म्हणाला. "भ्या वाटत हुतं. दहा मिन्टं लिवली ती खोटी हाईत."

बोर्डावर माणसाचे वांग, डाग, सुरकुत्या पुसायची सवयच त्याला. इथंही त्यानं तेच केलं होतं, आणि ते वहिनी विचारेपर्यंत त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वहिनीनं मेथीची जुडी बाजूला सारली. "हवालदार इच्चारत हुता, घरचं पुरुष माणूस कोण हाय, सई पायजे. मी म्हटलं, दीर यायलाय. तीनदा म्हटलं. चौथ्या येळंला मीच केली सई." तिचा आवाज चढला नाही. "ते पान कुठाय ह्यात?"

"ते मला ठावंच नव्हतं. आणि आठच पानं बसत्यात, वैनी."

"मग एक काढून टाका."

पाचव्या पानावर त्यानं दहा मिनिटांच्या जागी पावणेतीन तास लिहायचं ठरवलं. पण ते पान काढून चालणार नव्हतं. बराच वेळ तो पानं मागंपुढं करत बसला. शेवटी पन्हाळ्याचं पान काढून टाकलं. वाईट वाटलं, पण काढलं. आतून कोरा कागद आणून तिथंच फरशीवर बसला, वरची ओळ उलटी म्हणून कागद फिरवून घेतला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारायला लागला.

"कुठं बसलावतासा?"

"बाकड्यावर. जिन्याच्या शेजारी."

"साडी कसली?"

"साडी कुठली! गाऊनवर ओढणी घिऊन तशीच पळालतो."

"संयू?"

"शेजारच्या शालूबाईंकडं."

बाकडं झालं, ओढणी झाली. पेन कागदावर टेकवून त्यानं विचारलं, "हातात कायतर हुतं?"

"त्यांचा बूट. येकच घावला."

"डावा का उजवा?"

चित्रासाठी हे कळायलाच हवं होतं, म्हणून त्यानं विचारलं. आणि मग आपण काय विचारलं ते त्याला ऐकू आलं.

वहिनी उठली. कपाटातून एक पिशवी काढून आणली आणि आतला बूट त्याच्यापुढं ठेवला. कंपनीचा काळा, जाडजूड बूट. नाडी अजून बांधलेली होती, दादा बांधायचा तशी, दोन गाठी मारून.

"उजवा," वहिनी म्हणाली.

आदर्शनं गाठीला हात लावला आणि त्याला हुंदका फुटला. एका वर्षाचं रडू, ते थांबेना. वहिनी त्याला गप्प करायला गेली नाही. कागद भिजू नये म्हणून तेवढा तिनं आपल्याकडं ओढून घेतला.