तोंड फिरवणारा प्रोग्राम

सुहासिनीचं डोकं फिरलं ते उगाच नाही. अहिवाऱ्याहून येणाऱ्या चुनखडीच्या ट्रकांची वजनं कम्प्युटरवर चढवणाऱ्या भिलाईतल्या त्या ऑफिसासाठी तिने जीव ओतून एक प्रोग्राम लिहिला होता. ऑपरेटर आणि मशीन यांच्या मधोमध तो बसायचा. ऑपरेटरची कमांड पुढे पोचवायचा, उत्तर मागे आणायचा. मशीनला वाटायचं, समोर खरंखुरं टर्मिनलच आहे. जाता-येता प्रत्येक अक्षराची नोंद व्हायची, म्हणजे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळावं. फक्त पासवर्ड टाकताना तो नोंद थांबवायचा. कुणी कपडे बदलत असलं की आपण तोंड फिरवतो ना, तसं.

ऑफिसचे प्रमुख धर्मेंद्र साहेब. त्यांना नेमकं तेच खुपत होतं.

“ते तोंड फिरवणं बंद कर. देवाजीचा पासवर्ड मले पाहिजे, आजच.”

देवाजीकाका ट्रकांच्या वजनकाट्याचे जुने ऑपरेटर. अर्ध्याच भरलेल्या ट्रकचं पूर्ण वजन चढवायला साहेबांनी कालच त्यांना सांगितलं, तेव्हा काकांनी चारचौघांत “नाई जमत” म्हणून तोंडावर सांगितलं होतं. आता साहेब काकांच्या नावाने आत शिरणार, खोटं वजन चढवणार आणि नोकरी जाणार काकांची. साक्षीला कोण? तिचाच प्रोग्राम! लाज कशी वाटत नाही या माणसाला?

“साहेब, ही तर चोरी आहे.”

“तू मले शिकवून राहिली का? नोकरी करायची आहे ना?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने खाडखाड की दाबत पासवर्डला नोंद थांबवणारी ती एक ओळ काढून टाकली. मग नवा प्रोग्राम साहेबांच्याच मशीनवर चढवला आणि त्याची नोंद, ट्रकांची वजनं दिसायची त्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला जोडली.

“झालं, साहेब. पहिले तुमीच लॉगिन करून पाहा.”

साहेबांनी नाव टाइप केलं. ते भिंतीवर उमटलं. सगळं ऑफिस, देवाजीकाकासुद्धा, मान वर करून पाहू लागलं. साहेबांची बोटं जागच्या जागी थबकली.

“टाका ना पासवर्ड! इथं सगळे आपलेच तर आहेत.”

साहेबांनी हात मागे घेतला. “जसं होतं तसं करून टाक,” ते पुटपुटले.

“करते. पण आधी काकांले सांगा, त्यांचा पासवर्ड तुमाले कावून पाहिजे होता ते.”

देवाजीकाका खुर्चीतून उठून उभे राहिले होते.